यलोस्टोनमधील आरव्ही सहलीचे नियोजन: आधी मुक्काम, मग गाडी

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झाले आणि ते जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो या तीन राज्यांत मिळून सुमारे ९,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या या उद्यानात २०२१ साली ४८ लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली, आणि त्यांतल्या बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतल्या होत्या. एवढ्या गर्दीत आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन जायचे, तर नियोजनाचा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. सहसा आधी सुट्टीच्या तारखा ठरतात, मग गाडी ठरते आणि शेवटी मुक्कामाची शोधाशोध सुरू होते. यलोस्टोनमध्ये मात्र आधी मुक्कामाची साइट, म्हणजे गाडी उभी करून राहण्याची जागा, मिळवावी, तिच्या लांबीला व सोयींना साजेशी गाडी घ्यावी आणि सुट्टीच्या तारखा या दोन्हींशी जुळवून घ्याव्यात. यामागचे कारण साधे आहे. आरव्ही राहायला उत्तम असते, पण तीच गाडी घेऊन ठिकठिकाणी फिरणे जिकिरीचे होते. म्हणून ती कमीत कमी हलवावी लागेल, अशा बेतानेच संपूर्ण सहल आखावी.

उद्यानाची रचना समजून घेणे

नकाशा समोर ठेवल्याशिवाय आरक्षणाला हात घालू नये. उद्यानातला मुख्य रस्ता, म्हणजे ग्रँड लूप, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे आणि त्याची लांबी सुमारे १४२ मैल आहे. त्याला पाच प्रवेशद्वारांकडून येणारे रस्ते मिळतात: उत्तरेला गार्डिनर, ईशान्येला कुक सिटी, पश्चिमेला वेस्ट यलोस्टोन, पूर्वेला कोडीच्या बाजूचे प्रवेशद्वार आणि दक्षिणेला ग्रँड टिटन उद्यानाकडून येणारा रस्ता. कमाल वेगमर्यादा ताशी ४५ मैल आहे. परंतु बायसनचा कळप रस्त्यावर उतरला, की वाहतूक अर्धा-पाऊण तास जागची हलत नाही. त्यामुळे नकाशावर तासाभराचे दिसणारे अंतर कापायला दोन तास लागतील, असे धरूनच दिवसाचा बेत करावा.

ऋतूचाही विचार याच टप्प्यावर करावा. उद्यानातले बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सर्वसाधारण वाहनांना बंद असतात आणि वर्षभर खुला राहतो तो केवळ उत्तर प्रवेशद्वार ते ईशान्य प्रवेशद्वार हा रस्ता. एप्रिलमध्ये रस्ते टप्प्याटप्प्याने उघडतात. पूर्व व दक्षिण बाजूचे रस्ते मेमध्ये, तर कॅन्यन आणि टॉवर यांच्यामधली डनरेव्हन खिंड साधारणपणे मेच्या अखेरीस खुली होते. जूनमध्ये बर्फ पडणे येथे नवलाचे नाही आणि जुलैतल्या रात्रीही पारा कधी कधी गोठणबिंदूपर्यंत उतरतो. माझ्या मते ज्यांना शाळेच्या सुट्ट्यांचे बंधन नाही, त्यांनी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडावा. अमेरिकेतील कामगार दिनानंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) गर्दी ओसरते, डास जवळपास नाहीसे होतात आणि एल्क हरणांचा मीलनाचा हंगाम सुरू झालेला असतो. रात्रीची थंडी मात्र त्यासाठी सोसावी लागते.

साइट कोठे घ्यावी

उद्यानात एकूण १२ कॅम्पग्राउंड, म्हणजे मुक्कामाची मैदाने, असून त्यांत २,००० हून अधिक साइट्स आहेत. हा आकडा ऐकायला मोठा असला, तरी पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी या तिन्ही सोयी, म्हणजे ज्याला फुल हुकअप म्हणतात ते, फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्येच आहेत. बाकी सर्व ठिकाणी गाडीच्या स्वतःच्या टाक्यांवर आणि बॅटरीवर राहावे लागते. फिशिंग ब्रिजचा परिसर ग्रिझली अस्वलांच्या वावराचा असल्याने तेथे तंबूंना आणि कापडी भिंतींच्या गाड्यांना परवानगी नाही. छत वर उचलून कापडी बाजू उघडणारा पॉप-अप ट्रेलर भाड्याने घेण्याचा विचार असेल, तर हे ठिकाण आपोआपच यादीतून बाद होते. (नावात फिशिंग असले, तरी १९७३ पासून त्या पुलावरून मासेमारीला बंदी आहे.)

फिशिंग ब्रिज, ब्रिज बे, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज आणि मॅडिसन ही पाच कॅम्पग्राउंड यलोस्टोन नॅशनल पार्क लॉजेस ही ठेकेदार संस्था चालवते आणि त्यांचे आरक्षण तिच्याच संकेतस्थळावर होते. मॅमथ, नॉरिस, लुईस लेक, इंडियन क्रीक, पेबल क्रीक, स्लू क्रीक आणि टॉवर फॉल ही सात नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत आणि त्यांचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून करायचे असते. या दोन्ही ठिकाणांच्या आरक्षणाच्या वेळा वेगळ्या आहेत. पहिल्या गटातल्या उन्हाळी साइट्स एक वर्ष आधीपासून उपलब्ध होतात, तर दुसऱ्या गटातल्या साइट्स बहुतांशी सहा महिने आधी. एखादे वर्षी दुरुस्ती किंवा पुराच्या नुकसानीमुळे काही कॅम्पग्राउंड उघडतच नाहीत, म्हणून आरक्षणाला बसण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षीच्या उघडण्याच्या तारखा पाहून घ्याव्यात.

पहिल्या आरव्ही सहलीसाठी माझा सल्ला असा आहे, की एकाच साइटवर आठवडाभर राहू नये आणि रोज जागाही बदलू नये. मुक्काम दोन भागांत विभागावा. तीन रात्री मॅडिसनला घेतल्या, तर ओल्ड फेथफुल हा प्रसिद्ध गीझर (उसळणारा गरम पाण्याचा झरा) १६ मैलांवर आणि नॉरिस १४ मैलांवर येते, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचा आणि गीझरचा बहुतेक भाग जवळ राहतो. उरलेल्या रात्री फिशिंग ब्रिजला किंवा कॅन्यनला घेतल्या, तर हेडन व्हॅली, यलोस्टोन नदीची दरी आणि विस्तीर्ण सरोवर हाताशी येतात. मॅडिसनला हुकअप नाही; पण तेथून फिशिंग ब्रिजला गेल्यावर टाक्या रिकाम्या करता येतात, बॅटरी पूर्ण भरून घेता येते आणि कपडेही धुता येतात. क्रम हाच ठेवावा, म्हणजे बिनाजोडणीचे दिवस आधी आणि सोयीचे दिवस नंतर. थकवा साठत जातो तो सहलीच्या उत्तरार्धात, आणि गरम पाण्याच्या अंघोळीची किंमत तेव्हाच कळते.

साइट आरक्षित करताना गाडीची लांबी विचारली जाते. ती बंपरपासून बंपरपर्यंतची एकूण लांबी असते. ट्रेलर ओढत असाल, तर ट्रक, ट्रेलर आणि मधला जोड हे सगळे त्यात धरावे. मागे लावलेला सायकलींचा रॅकही विसरू नये. ३० फुटांची साइट मिळाली आणि गाडी ३२ फुटांची निघाली, तर प्रवेशावेळी दुसरी साइट मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. लुईस लेक आणि स्लू क्रीकसारखी लहान कॅम्पग्राउंड तर आखूड गाड्यांसाठीच आहेत.

हव्या त्या तारखा मिळाल्या नाहीत, तरी निराश होण्याचे कारण नाही. जसजसा दिवस जवळ येतो, तसतशी लोक आरक्षणे रद्द करतात आणि सुटलेल्या साइट्स पुन्हा दिसू लागतात. सकाळ-संध्याकाळ नेमाने पाहत राहिल्यास एखाद-दुसरी रात्र बहुधा मिळून जाते. तोवर वेस्ट यलोस्टोन, गार्डिनर किंवा कोडी येथील खासगी आरव्ही पार्कमध्ये, रद्द करता येईल अशा अटीवर, जागा धरून ठेवावी. भोवतालच्या राष्ट्रीय वनांतही कॅम्पग्राउंड आहेत, मात्र कोडीच्या बाजूच्या शोशोनी वनातल्या काही ठिकाणी अस्वलांमुळे केवळ टणक भिंतींच्याच गाड्या चालतात. उद्यानाच्या हद्दीत रस्त्याकडेला, वाहनतळावर किंवा निसर्गदृश्य पाहण्याच्या थांब्यावर गाडीत रात्र काढण्यास सक्त मनाई आहे, आणि हा नियम रेंजर, म्हणजे उद्यानरक्षक, काटेकोरपणे पाळायला लावतात.

गाडीची निवड

साइटची लांबी हाती आली, की गाडीचा प्रश्न निम्मा सुटतो. क्लास ए म्हणजे बससारखी मोठी गाडी, क्लास बी म्हणजे व्हॅनमध्येच बसवलेले घर आणि क्लास सी म्हणजे चालकाच्या डोक्यावर पलंगाची माडी असलेली मधल्या आकाराची गाडी. चौघांच्या कुटुंबाला २५ ते २८ फुटांची क्लास सी पुरेशी होते आणि ती उद्यानातल्या वाहनतळांवर कशीबशी का होईना, मावते. दोघेच असतील, तर मी निःसंकोचपणे क्लास बी सुचवीन. तिचे भाडे चढे असले, तरी ती साध्या मोटारीच्या जागेत उभी राहते आणि वेगळी मोटार बरोबर न्यावी लागत नाही.

भाड्याची चौकशी करताना केवळ रात्रीचा दर पाहू नये. मैलांचा दर, जनरेटरच्या तासांचा दर, भांडी व अंथरूण-पांघरुणाचा संच, विमा, साफसफाई आणि टाक्या रिकाम्या न करता परत दिल्यास होणारा दंड, हे सगळे मिळून मूळ दराच्या जवळपास जाते. क्लास सी गाडी एका गॅलनला साधारण ८ ते १२ मैल जाते. सॉल्ट लेक सिटीहून वेस्ट यलोस्टोन सुमारे ३२० मैलांवर आहे. म्हणजे केवळ जाऊन-येऊन ६४० मैल झाले आणि उद्यानातल्या फिरण्याचे ३०० मैल धरले, तर १० मैलांच्या सरासरीने ९४ गॅलन पेट्रोल लागेल. हा हिशेब आधीच मांडून ठेवावा.

लहान मुले बरोबर असतील, तर एक गोष्ट गाडी ठरवण्याआधीच विचारावी. आरव्हीतल्या जेवणाच्या टेबलाजवळच्या बैठका दिसायला ऐसपैस असतात, परंतु बाजूला किंवा मागे तोंड करून असलेल्या बैठकांवर मुलांची कार सीट सुरक्षितपणे बसवता येत नाही. पुढे तोंड केलेली, पक्का पट्टा असलेली जागा प्रत्येक मुलासाठी आहे का, हे छायाचित्रावर विसंबून न राहता भाड्याने देणाऱ्याकडून लेखी घ्यावे. गाडी चालत असताना कोणीही मागे झोपू नये वा ओट्याशी उभे राहू नये, हेही घरातल्या सर्वांना आधीच सांगावे.

गाडी ताब्यात घेतल्यावर त्याच दिवशी उद्यान गाठण्याचा अट्टहास करू नये. पहिली रात्र जवळच्याच एखाद्या हुकअप असलेल्या आरव्ही पार्कमध्ये काढावी आणि पाण्याचा पंप, गाडी उबदार ठेवणारी भट्टी, फ्रिज, गॅस, चांदणी (बाहेर ओढायचे कापडी छप्पर), स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) हे सारे एकदा चालवून पाहावे. बिघाड निघाला, तर दुरुस्त करून देणारा माणूस जवळ असतो. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहावेत; पहिले दोन आठवडा दाखवतात आणि नंतरचे दोन वर्ष. रबर उन्हाने आणि वयाने कडक होते, त्यामुळे खाचा खोल दिसत असल्या, तरी सात-आठ वर्षांचे टायर असतील, तर गाडी बदलून मागावी.

कोणत्या रस्त्याने यावे

आरव्हीसाठी सर्वांत सौम्य वाट पश्चिमेची आहे. आयडाहोतून महामार्ग क्रमांक २० ने येताना शेवटी लागणारी टार्गी खिंड ७,०७२ फुटांवर असली, तरी चढ हळूहळू येतो. बोझमनहून महामार्ग १९१ ने वेस्ट यलोस्टोन सुमारे ९० मैल आहे. कोडीकडून येणारा पूर्वेचा रस्ता देखणा आहे, पण त्यावर ८,५२४ फुटांची सिल्व्हन खिंड ओलांडावी लागते. नवशिक्या चालकाने टाळावेत असे दोन रस्ते म्हणजे जॅक्सन गावाकडे उतरणारा टिटन पास, ज्याचा उतार १० टक्क्यांपर्यंत आहे, आणि बिगहॉर्न पर्वतातून येणारा महामार्ग १४ए. रस्ता दाखवणारे साधे अॅप जवळचा म्हणून नेमके हेच रस्ते सुचवते, त्यामुळे मार्ग कागदी नकाशावर स्वतः ठरवून ठेवावा.

उंचीवर हवा विरळ होत असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते. ८,००० फुटांवर जवळपास पाव ताकद गेलेली असते, आणि जनरेटरचेही तसेच होते. चढावर मागे रांग लागली, की पहिल्या सोयीच्या थांब्यावर बाजूला होऊन इतरांना पुढे जाऊ द्यावे. उतारावर मात्र ब्रेकवर पाय ठेवून राहू नये. खिंडीच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकावा, इंजिनाला गाडी धरू द्यावी आणि ब्रेक थोडा वेळ दाबून सोडावा. ब्रेक जळल्याचा वास आला, तर लगेच थांबून ते थंड होऊ द्यावेत.

उद्यानातही काही रस्ते आरव्ही आणि ट्रेलरना बंद आहेत: फायरहोल कॅन्यन ड्राइव्ह, फायरहोल लेक ड्राइव्ह, ब्लॅकटेल प्लॅटो ड्राइव्ह आणि मॅमथ येथील अप्पर टेरेस ड्राइव्ह. दक्षिणेकडील ग्रँड टिटन उद्यान पाहायचे असेल, तर तेथील मूस-विल्सन रस्त्यावरही मोठ्या गाड्यांना व ट्रेलरना मज्जाव आहे.

बिनाजोडणीच्या रात्री

मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट, ब्रिज बे, मॅमथ आणि नॉरिस येथे जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ याच वेळात चालवता येतो. म्हणजे कडाक्याच्या थंडीत, रात्री दोन वाजता बॅटरी संपली, तर सकाळपर्यंत काहीच करता येत नाही. गॅसची भट्टी गॅसवर जळते हे खरे, पण तिची गरम हवा ढकलणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि तो साधारण ८ अँपिअर घेतो. आठ तासांच्या रात्रीत भट्टी निम्मा वेळ चालली, तर ३२ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या साध्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्मेच, म्हणजे ५० अँपिअर-तास, वापरावेत असा दंडक आहे. उरलेल्या १८ मध्ये पाण्याचा पंप, दिवे, फ्रिजचे नियंत्रण आणि फोन भागवायचे असतात. हे लक्षात ठेवून संध्याकाळी, स्वयंपाक चालू असतानाच, दोन तास जनरेटर चालवून बॅटरी शक्य तितकी भरून घ्यावी, भट्टीचे तापमान कमी ठेवावे आणि जाड रजया बरोबर न्याव्यात. रजया आणि गरम कपड्यांनी जे साधते, त्यासाठी बॅटरी खर्च करू नये. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू आहे का, हे मात्र रोज झोपण्यापूर्वी तपासावे.

फुल हुकअपच्या साइटवरही विजेचे गणित असतेच. ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने ३,६०० वॉट मिळतात. मायक्रोवेव्ह, विजेचा हीटर आणि पाणी तापवणारे यंत्र एकाच वेळी लावले, की खटका पडतो. खांबाला तार जोडताना आधी खांबावरचा खटका बंद करावा, मध्ये सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारे यंत्र) लावावा, तार जोडावी आणि मगच खटका चालू करावा. रात्री गोठण्याची शक्यता असेल, तर पाण्याची नळी काढून, रिकामी करून ठेवावी आणि गाडीच्या टाकीतले पाणी वापरावे.

साइटवर पोहोचल्यावर पहिले काम गाडी समतल करणे. फरशीवर पातळी दाखवणारे यंत्र ठेवावे, खालच्या बाजूच्या चाकांपुढे लेव्हलिंग ब्लॉक मांडावेत, गाडी त्यांवर हळूच चढवावी आणि चाकांना अडणी लावावी. हा निव्वळ झोपेच्या सोयीचा प्रश्न नाही. गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज कलत्या जागेवर नीट थंड करत नाही आणि कायमचा बिघडूही शकतो. अशा फ्रिजची ज्योत उंचीवर विझण्याची शक्यता असते, म्हणून ७,००० फुटांवरच्या मुक्कामात दिवसातून दोनदा त्याचे तापमान पाहावे. पाणीही येथे सुमारे ९२ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे डाळ-तांदूळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाहीत आणि गॅस उगाच जळतो. लहान प्रेशर कुकर बरोबर असलेला बरा.

पिण्याच्या पाण्याची टाकी उद्यानात शिरण्यापूर्वी भरून घ्यावी. ४० गॅलन पाण्याचे वजन सुमारे ३३० पौंड होते, म्हणून लांबचा घाट चढताना ती पूर्ण भरलेली नसावी; शेवटच्या गावात भरणे उत्तम. वापरलेले पाणी दोन टाक्यांत साठते, मोरी व अंघोळीचे ग्रे टाकीत आणि शौचालयाचे ब्लॅक टाकीत. भांडी घासताना नळ सोडून ठेवला, तर ग्रे टाकी दोन दिवसांत भरते. घमेल्यात थोडे पाणी घेऊन भांडी विसळल्यास तीच टाकी चार दिवस पुरते.

टाक्या रिकाम्या करण्याच्या कामाची अनेकांना धास्ती वाटते, पण क्रम पाळला तर ते दहा मिनिटांचे आहे. हातमोजे घालावेत, सांडपाण्याची नळी आधी गाडीला आणि मग जमिनीतल्या भोकाला घट्ट बसवावी, ब्लॅक टाकीची झडप उघडून ती पूर्ण रिकामी होऊ द्यावी, झडप बंद करावी आणि त्यानंतर ग्रे टाकी सोडावी, म्हणजे तिच्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. फुल हुकअप असले, तरी ब्लॅक टाकीची झडप सतत उघडी ठेवू नये. पाणी निघून जाते, घट्ट भाग तळाशी साचतो आणि मग तो निघत नाही. टाकी दोन तृतीयांश भरली, की सोडावी आणि लगेच काही लिटर पाणी आत घालावे. पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याच्या जागेवरची धुण्याची नळी यांची कधीही अदलाबदल करू नये.

दिवसाचा बेत

गर्दीच्या महिन्यांत ग्रँड प्रिझमॅटिक झऱ्याजवळच्या मिडवे गीझर बेसिनचा आणि नॉरिसचा वाहनतळ सकाळी दहाच्या सुमारासच भरतो आणि मोठ्या गाडीला तर जागा मिळतच नाही. म्हणून आरव्ही साइटवर ठेवून फिरायला वेगळी मोटार असणे फार मोलाचे ठरते. दोन कुटुंबे मिळून जात असतील, तर एकाने आरव्ही आणि दुसऱ्याने मोटार आणावी. ट्रेलर असेल, तर तो साइटवर सोडून केवळ ट्रक घेऊन फिरावे. मोटारच नसेल, तर साडेसहाच्या आत निघावे, लहान वाहनतळाची ठिकाणे नऊच्या आत उरकावीत आणि दुपारी ओल्ड फेथफुलसारख्या प्रशस्त वाहनतळाच्या जागी जावे. ओल्ड फेथफुल सरासरी दीड तासाने उसळतो आणि पुढची अंदाजे वेळ तेथील व्हिजिटर सेंटरमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे वाट पाहण्याचा वेळ भोवतालच्या लाकडी पायवाटेवर सत्कारणी लावता येतो.

हेडन व्हॅली आणि ईशान्येची लामार व्हॅली पहाटे किंवा सूर्यास्तापूर्वी पाहाव्यात. लांडगे १९९५ साली उद्यानात पुन्हा आणून सोडले गेले आणि लामारमध्ये ते दुर्बिणीतून दिसण्याची शक्यता चांगली असते. प्राणी दिसला म्हणून रस्त्यातच आरव्ही उभी करू नये. पांढऱ्या रेघेच्या पूर्ण बाहेर जाता येईल असा थांबा मिळेपर्यंत पुढे जावे.

फोनला उद्यानाच्या बहुतेक भागांत संपर्क मिळत नाही. पार्क सर्व्हिसच्या अॅपमधली यलोस्टोनची माहिती आणि नकाशे घरूनच उतरवून घ्यावेत, आणि आरक्षणाची कागदी प्रत जवळ ठेवावी.

प्राणी, झरे आणि जिवाची काळजी

अस्वले, लांडगे आणि पहाडी सिंह यांच्यापासून किमान १०० यार्ड, तर बायसन, एल्क आणि इतर प्राण्यांपासून किमान २५ यार्ड अंतर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. बायसन संथ दिसतो, पण तो माणसाच्या तिप्पट वेगाने धावू शकतो. छायाचित्रासाठी मुलांना त्याच्यासमोर उभे करणाऱ्या पालकांना पाहून काळजात धस्स होते. साइटवर खाद्यपदार्थ, कूलर, शेगडी, कचरा, इतकेच काय टूथपेस्टसुद्धा बाहेर राहू देऊ नये. जेवण झाले, की सर्व काही गाडीच्या टणक भिंतींच्या आत किंवा अस्वलरोधक पेटीत जायला हवे. माणसांच्या अन्नाला चटावलेले अस्वल शेवटी मारावे लागते, हे विसरू नये. पायी फिरताना अस्वलाचा स्प्रे पिशवीत न ठेवता कमरेला असावा. तो विमानात नेता येत नाही, म्हणून उद्यानाजवळच्या गावात विकत किंवा भाड्याने घ्यावा आणि तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नये.

झऱ्यांच्या भागात लाकडी पायवाट सोडून एक पाऊलही बाहेर टाकू नये. वरचा पापुद्रा पातळ असतो आणि खालचे पाणी उकळते. आजवर २० हून अधिक जणांनी या झऱ्यांत भाजून प्राण गमावले आहेत. लहान मुलांचा हात धरूनच चालावे. ड्रोन उडवण्यास संपूर्ण उद्यानात बंदी आहे.

प्रवेशशुल्क

खासगी वाहनाला सात दिवसांसाठी ३५ डॉलर पडतात. २०२६ पासून मात्र अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षे व त्यांवरील प्रत्येक व्यक्तीला यलोस्टोनसह ११ उद्यानांत आणखी १०० डॉलर द्यावे लागतात. वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलरला, तर इतरांना २५० डॉलरला मिळतो. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील, तर हा फरक मोठा पडतो, म्हणून कोणता पास कोणाच्या नावे घ्यायचा हे घरूनच ठरवावे आणि रहिवासी असल्याचे सरकारी छायाचित्र-ओळखपत्र प्रवेशद्वारावर हाताशी ठेवावे.

निघण्याचा दिवस

साइट सोडताना घाई झाली, की काहीतरी राहून जाते, म्हणून एक छापील यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी आणि एकाने वाचून दुसऱ्याने हात लावून प्रत्येक गोष्ट तपासावी: स्लाइड-आउट आत, चांदणी गुंडाळलेली, छतावरचा अँटेना व झरोके बंद, वीज व पाणी काढलेले, पायरी वर, कपाटांना कड्या, गॅस बंद, अडणी काढलेल्या. मग एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारावी आणि साइटवर राख, दोरी, अन्नाचे कण राहिले नाहीत ना, ते पाहावे. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट आणि ब्रिज बे येथे डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या जागा, आहेत. तेथे सकाळी रांग लागते, त्यामुळे टाक्या आदल्या दिवशी दुपारीच रिकाम्या करून घेतल्या, तर परतीच्या वाटेवर तासभर वाचतो आणि भाड्याची गाडी परत करताना दंडही भरावा लागत नाही.